फामारा: पोहायला न देणारा किनारा

समुद्रकिनारी जायचे म्हणजे पाण्यात मनसोक्त डुंबायचे, अशी ज्यांची कोकणात आणि गोव्यात पक्की झालेली समजूत आहे, त्यांनी लान्सारोते बेटावरील फामाराच्या किनाऱ्याची छायाचित्रे पाहून हुरळून जाऊ नये. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी हे बेट अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत पत्नीसह मी तेथे गेलो तो ज्वालामुखी पाहण्यासाठी. तिमानफायाच्या उद्यानात 1730 ते 1736 अशी सहा वर्षे उद्रेक चालू राहून बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हाखाली गेला होता. ते सारे आम्ही बसच्या काचेतून पाहिले, मधल्या वाटेत कोणालाही खाली उतरू देत नाहीत, आणि म्हणून त्या दिवसाबद्दल याहून अधिक लिहिण्याची मला इच्छाही नाही.

फामाराची गोष्ट निराळी. किनाऱ्याच्या मागे सुमारे सहाशे मीटर उंचीचा कडा सरळ उभा आहे आणि तो पाहताक्षणी आम्हा दोघांच्याही तोंडून एकाच वेळी ‘माळशेज’ हा शब्द बाहेर पडला. एकावर एक रचलेले काळ्या कातळाचे थर आणि मधूनमधून दिसणारे तांबड्या मातीचे पट्टे ही रचना सह्याद्रीत भटकणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही: एक लाव्हा निवून त्यावर माती तयार व्हायची आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून निघायची. फरक वयाचा आहे. आपला सह्याद्री सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, तर फामाराचा सर्वांत जुना कातळ एक कोटीच्या आसपासचा. या तरुण कड्यावर हिरवे असे जवळजवळ काहीच नाही, आणि धबधब्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते उघडेपण सुरुवातीला खुपते.

कड्याच्या पायथ्याशी पाच-सहा किलोमीटरचा फिकट वाळूचा किनारा आणि त्याच्या टोकाला कालेता दे फामारा हे गाव आहे. पांढरी बुटकी घरे, रस्त्यांवर डांबराऐवजी वाळू. या बेटावर उंच इमारती आणि जाहिरातींचे फलक जवळजवळ दिसत नाहीत, याचे श्रेय चित्रकार सेसार मान्रिके (1919–1992) यांच्या हट्टाला दिले जाते. त्यांचे लहानपणीचे उन्हाळे याच गावात गेले होते. आपल्या किनाऱ्यांवर असा एखादा हट्टी चित्रकार वेळीच जन्मला असता तर किती बरे झाले असते, असे मला तेथे वारंवार वाटत राहिले.

आता तक्रार. किनाऱ्यावर लाल बावटा होता. पत्नी गुडघाभर पाण्यात उतरली न उतरली तोच जीवरक्षकाने शिटी फुंकून तिला बाहेर बोलावले, आणि तिच्यापासून तीस पावलांवर मात्र जन्मात पहिल्यांदाच लाटांवर घसरण्याची सर्फिंगची फळी हातात धरलेले वीसेक लोक त्याच लाटांत धडाधड पडत होते. हा उघड पक्षपात आहे असे म्हणून मी त्याच्याशी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, “त्यांच्याजवळ तरंगणारी वस्तू आहे आणि शेजारी शिक्षक आहे. तुमच्याजवळ काय आहे?” किनाऱ्याकडे ढकलले गेलेले पाणी वाळूतल्या खोलगट पट्ट्यांमधून जोराने परत समुद्रात जाते आणि पोहणाऱ्याला सोबत घेऊन जाते, कोकणात याला ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात, आणि ओढ असताना पाण्यात उतरू नये, हे मी स्वतः पाहुण्यांना हजारदा सांगितलेले आहे. मी गप्प बसलो, पण राग काही गेला नाही.

मग अख्खी दुपार किनाऱ्यावर बसून पाहणे एवढेच उरले. बसायलाही सुख नव्हते, कारण सर्फिंगच्या शाळांनी रंगीत सदरे घातलेल्या शिष्यांच्या रांगा लावून कोरडी वाळू वाटून घेतली होती आणि एका शिक्षकाने आम्हाला पंचा उचलून पलीकडे सरकायला सांगितले. त्या रांगेत साठी ओलांडलेल्या एक जर्मन बाई होत्या. आधी वाळूवर पालथे पडून, तळहात बरगड्यांपाशी टेकवून, एका झटक्यात उभे राहण्याचा सराव झाला; तेव्हाच त्यांचा डावा गुडघा दुखतो हे स्पष्ट दिसत होते. पाण्यात गेल्यावर शिक्षक फळीचे मागचे टोक धरून, फेसाळ लाट येताच ढकलून ओरडायचा, बाई उजव्या पायावर उठायच्या, डावा पाय मागेच राहायचा आणि फळी त्यांच्या आधी किनाऱ्याला लागायची. घोट्याला बांधलेल्या दोरीने ती ओढून घेऊन त्या पुन्हा आत जायच्या. प्रवाह त्यांना प्रत्येक वेळी कड्याच्या दिशेने वाहून नेई, म्हणून तेवढे अंतर चालत परत येणे हाही धड्याचाच भाग झाला होता.

विश्रांतीच्या वेळी त्या आमच्या शेजारी येऊन बसल्या आणि आम्ही कोरडे का, असे विचारले. आम्हाला पोहायचे होते, पण पोहू देत नाहीत, असे मी जरा फणकाऱ्यानेच सांगितले. “पोहायला हॉटेलात तलाव असतो,” त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या एकदाही सरळ उभ्या राहू शकल्या नाहीत; एकदा मात्र दोन्ही गुडघ्यांवर टेकून पार किनाऱ्यापर्यंत आल्या, आणि माझी पत्नी, जी सहसा परक्यांसमोर आवाज चढवत नाही, तिने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

फामाराच्या लाटा वाळूवर फुटतात म्हणून हे असे पडणे परवडते. तोच उत्तरेकडून येणारा लाटांचा लोंढा थोड्या पश्चिमेला, ला सांता गावाजवळच्या एल केमाओ येथे लाव्हाच्या उथळ कातळावर आपटतो, आणि तेथे केवळ कसलेले सर्फर उतरतात. आम्ही ती जागा दुरून पाहिली.

जेवायला ताजी मासळी, मिठाच्या पाण्यात उकडलेले सालासकट बटाटे आणि लसूण-मिरचीची मोहो नावाची झणझणीत चटणी मिळाली. भाजलेल्या धान्याचे गोफियो हे पीठ थेट आपल्या सातूच्या पिठाच्या वळणाचे होते. प्रत्येक घासात वाळू होती. बेटावर सतत वाहणारा व्यापारी वारा फामाराची वाळू उचलून बेटाच्या आरपार दक्षिण किनाऱ्यापर्यंत नेतो, आणि एल हाब्ले नावाच्या त्या वाळूच्या पट्ट्यात शेतकरी रताळी नि कलिंगडे लावतात. रात्रीचा ओलावा ती वाळू जमिनीत टिकवून धरते. वाऱ्याने वेल उखडू नयेत म्हणून गवताच्या काड्यांचे बुटके आडोसे ओळीने रोवलेले असतात. परतताना गाडी थांबवून ते शेत आम्ही बराच वेळ पाहिले. गाडी भाड्याने देणाऱ्याने मात्र तीच वाळू आसनाखाली सापडल्याबद्दल सफाईचे तीस युरो वेगळे लावले, आणि पावती मागितल्यावर ती देण्यात आणखी अर्धा तास घालवला.