जावातल्या खेड्यात घर करायचं तर

इंडोनेशियात नोकरी लागली की बहुतेक जण जकार्ताच्या आसपास फ्लॅट बघतात. पण कारखाना जावाच्या आतल्या भागात असला, किंवा तिथल्या मुलीशी लग्न झालं, तर मुक्काम खेड्यात पडतो. मग नाशिकच्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो जागेचा. भाताची खाचरं, नारळ, पाटाचं पाणी, आणि भाव आपल्या गंगापूर रोडच्या मानाने किरकोळ. घेऊन टाकावी का?

घेता येत नाही. १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार तिथली पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाकडे ती वारशाने आली तरी वर्षभरात सोडावी लागते. आपल्याला यात नवल वाटायला नको. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर निफाडमध्ये द्राक्षबाग नावावर होत नाही, आणि पेठ-सुरगाण्यात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. पळवाटही ओळखीचीच: दुसऱ्याच्या नावावर घ्यायची आणि आपसात एक कागद करून ठेवायचा. तिथे ही पळवाट फार महागात पडते. कलम २६ प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागताही येत नाहीत. ज्याच्या नावावर घेतली तो माणूस कितीही सज्जन असो, तो वारल्यावर त्याच्या मुलांशी गाठ असते.

परदेशी माणसाला राहण्याचा परवाना असेल तर ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो. मुदत ३० वर्षं, पुढे २० वाढवून आणि त्यानंतर ३० नूतनीकरणाची. पण परदेशी माणसाच्या घराला प्रांतागणिक किमान किंमत ठरवून दिलेली आहे आणि ती तिथल्या चलनात, अब्जावधी रुपियांत जाते. खेड्यातलं साधं घर त्यात बसत नाही.

बायको तिथली असेल तर एक काम घर घेण्याच्या आधी उरकायचं: नोटरीकडे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. तो नसेल तर घर दोघांचं सामाईक धरलं जातं, आणि परदेशी नवऱ्याचा वाटा आला म्हणून बायकोचाच हाक मिलिक अडचणीत येतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाच्या निकालामुळे २०१६ पासून लग्नानंतरही करता येतो.

आता कागदपत्रं. विकणारा बऱ्याचदा ‘गिरिक’ किंवा गावच्या ‘लेटर सी’ वहीचा उतारा दाखवतो आणि वर दरवर्षीच्या घरपट्टी-जमीनपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा ठेवतो. यातलं काहीच मालकीचा पुरावा नाही. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा दाखला नाही, हे ज्याला तलाठ्याने एकदा ऐकवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. २०२१ च्या नियमाने तर अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. फेब्रुवारी २०२६ पासून ते नोंदणीच्या वेळी फक्त माहिती म्हणून चालतात. खरा कागद एकच, जमीन कार्यालयाचं ‘सर्तिफिकात’. बायकोच्या नावावर घेताना क्रम असा ठेवावा: आधी जमीन कार्यालयात सर्तिफिकातची पडताळणी, मग हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांच्या समोर बघणं, मग पीपीएटी या अधिकृत दस्त अधिकाऱ्यापुढे खरेदीखत, आणि शेवटी नावाची बदली. विकणाऱ्याला किमतीच्या २.५ टक्के आयकर बसतो, घेणाऱ्याला ५ टक्क्यांपर्यंत हस्तांतरण कर. हे दोन्ही भरल्याशिवाय दस्त होत नाही. कर वाचवायला दस्तात किंमत कमी दाखवू असं कोणी सुचवलं तर त्या व्यवहारापासून लांब राहावं.

सगळ्यात जास्त घोळ वारसांचा. जमीन अजून आजोबांच्या नावावर, भावंडं पाच, त्यातलं एक सुमात्राला आणि एक मलेशियात कामाला. गावात असलेला भाऊ बयाणा घेऊन मोकळा होतो. सगळ्या वारसांच्या सह्या होईपर्यंत रुपयाही पुढे करायचा नाही. आपल्याकडे रखडलेल्या वारस-फेरफाराचं जे होतं तेच तिथे होतं, फक्त परक्या भाषेत.

मी तरी भाड्यानेच राहायला सांगेन. तिथे घरभाडं महिन्यावर नसून वर्षावर असतं, आणि वर्षाचं किंवा दोन वर्षांचं आगाऊ द्यावं लागतं. त्यामुळे आधी नीट बघून घ्यावं: भाडं घेणाऱ्याचं नाव आणि सर्तिफिकातवरचं नाव एकच आहे का, विहिरीचा पंप कोणाचा, छत गळलं तर दुरुस्ती कोणाकडे. पावतीवर दहा हजार रुपियांचं ‘मेतराई’ तिकीट लावून सही घ्यावी. मालकाने मध्येच घर विकलं तरी त्यांच्या दिवाणी कायद्याप्रमाणे भाडेकरार मोडत नाही. पण करार लेखी हवा.

सामान उतरवलं की त्याच दिवशी ‘एर्ते’च्या घरी जायचं. एर्ते म्हणजे काही डझन घरांचा गट. त्याचा प्रमुख शेजाऱ्यांनीच निवडलेला असतो, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमल असताना ही घडी बसली. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते: पाहुण्यांनी चोवीस तासांत कळवावं. ती शोभेची नसते. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याची प्रत द्यायची आणि घरात किती माणसं आहेत ते सांगायचं. पुढे नाशिकहून आई-वडील आले तर त्यांचीही नोंद करायची. पुढचे बरेच दाखले एर्तेच्या चिठ्ठीवरच हलतात. आपल्या पोलीस पाटलासारखा तो सरकारने नेमलेला नाही, पण रात्री दोनला दार वाजवावं लागलं तर ते त्याचंच.

रात्रीची राखण हा त्या गावाचा कणा. ‘रोंदा’ची पाळी घरटी लागते आणि बसायला नाक्यावर छोटी चौकी असते. तिथे टांगलेला लाकडाचा किंवा बांबूचा पोकळ ठोकळा म्हणजे ‘कंतोंगान’. बहुतेक ठिकाणी दोन-दोन ठोके म्हणजे चोरी, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा तशी आपत्ती. संकेत गावागणिक थोडे बदलतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. जावात अनेक गावांत दाराबाहेर एक लहान डबी टांगलेली असते. तिच्यात मूठ-चिमूट तांदूळ किंवा नाणं टाकायचं आणि फेरीवाल्यांनी ते गोळा करायचं. नाणं घेतलं गेलं याचा अर्थ फेरी झाली. म्हणजे तीच डबी हजेरीही घेते. इतकी स्वस्त आणि चोख हजेरी आपल्या ग्रामसुरक्षा दलांना अजून सुचलेली नाही. निफाड-सिन्नरकडे बिबट्या दिसला की आठ दिवस टॉर्च घेऊन गस्त निघते आणि मग थंडावते.

रोंदाही ढिली पडतेच. पहिल्या फेरीनंतर कॉफी आणि पत्ते, आणि पहाटे दोन-तीननंतर चौकीत पेंग. चोर तीच वेळ साधतो. जातं काय, तर मोटरसायकल, कोंबड्या, बकरी ईदच्या आधी बकऱ्या. गाडी रात्री घराच्या आत घ्यायची. सगळं गाव तेच करतं. ईदला लोक गावोगाव निघतात तेव्हा रिकामी घरं हेरली जातात, म्हणून दिवाळीला नाशिकला येतानाही एर्तेला तारखा सांगून ठेवाव्यात आणि बाहेरचा दिवा शेजाऱ्याच्या हवाली करावा. पाळीला बसणं जमत नसेल तर त्याबदल्यात पैसे चालतात. तरी महिन्यातून एकदा बसावंच. ज्याला शेजारी चेहऱ्याने ओळखत नाहीत त्याच्या दाराशी रात्री कोण उभं आहे, हे कोणी बघत नाही. चोर सापडला आणि जमाव मारायला धावला तर मात्र परदेशी माणसाने त्या घोळक्यात उभंही राहू नये. पोलिसांचा नंबर ११०.

खरा धोका चोरापेक्षा भिंतीचा आहे. २७ मे २००६ ला पहाटे सहाच्या सुमारास योग्याकार्ताजवळ ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक विटांच्या घरांखाली. कारण एकच: भिंतींना खांब आणि पट्ट्यांची चौकट नव्हती. तिथल्या साध्या भूकंपरोधक घराच्या मापात पायावर १५ बाय २० सेंटिमीटरची पट्टी, कोपऱ्यांत आणि मध्ये १५ बाय १५ चे खांब, वरून फिरती पट्टी, आत १० मिलिमीटरच्या चार सळ्या, ८ च्या रिंगा १५ सेंटिमीटरवर, काँक्रीट १:२:३ (सिमेंट, वाळू, खडी), आणि एका चौकटीत ९ चौरस मीटरपेक्षा जास्त भिंत नाही. बिघडतं कुठे? रिंगेची टोकं आत न वळवता नुसती काटकोनात सोडतात, काँक्रीटमध्ये पाणी जास्त घालतात, आणि छपराखालचा त्रिकोणी भाग विटांनी भरतात. हादऱ्यात पहिला कोसळतो तो हाच त्रिकोण. भाड्याचं घर बघताना तो भाग फळ्यांचा किंवा हलक्या पत्र्याचा असलेला बरा. विटांचाच असेल तर पलंग त्याच्याखाली नको.

वीज बहुधा ४५० किंवा ९०० व्हीएची, म्हणजे जेमतेम दोन किंवा चार अँपिअर. नाशिकहून नेलेला ७५० वॅटचा मिक्सर आणि पंप एकदम चालू झाले की ९०० वरही मेन पडतो. १३०० चं कनेक्शन मागून घ्यावं. प्रीपेड मीटरमध्ये वीस आकडी टोकन टाकावं लागतं. मीटर टिकटिकायला लागला की संपत आलंय असं समजायचं. गॅसची ३ किलोची हिरवी टाकी सरकारी सवलतीची, गरिबांसाठी, आपण ५.५ किंवा १२ किलोची घ्यावी. गळती बहुतेक वेळा तोंडातल्या रबरी रिंगेपाशी होते. टाकी बदलली की साबणाचं पाणी लावून बघायचं आणि दोन रिंगा घरात ठेवायच्या.

विहीर आणि शौचखड्डा यांत किमान १० मीटर अंतर हवं. शेजाऱ्याचा खड्डाही मोजायचा.

भाताच्या खाचरांमुळे उंदीर येतात, उंदरांमागे साप. तिथला नाग डोळ्यांत विष फेकतो. तसं झालं तर न चोळता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या इथल्या चौघांवर बनते. तिथली लस वेगळी आहे, जावाचा नाग, पट्टेरी मण्यार आणि मलायी पिट व्हायपर (चापड्याच्या जातीचा साप) यांच्यावरची. म्हणून इथून काही नेऊन उपयोग नाही. चावा झाला तर दोरी बांधू नये, हातपाय हलवू न देता थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं. उपजिल्ह्याच्या ‘पुस्कस्मास’ आरोग्य केंद्रात लस असतेच असं नाही, तेव्हा ती जवळ कुठे मिळते हे गावात राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन विचारून यायचं.