नव्या ग्राफिक्स कार्डाचे आकडे फुटले, की आधी हे तपासा

कार्ड यायच्या आधी कोअरचा (चिपमधल्या गणितं करणाऱ्या छोट्या भागांचा) आकडा फुटतो आणि लोक ‘दुप्पट वेग’ म्हणून मोकळे होतात. २०२० मध्ये हेच झालं. एनव्हिडियाच्या जुन्या आरटीएक्स २०८० टीआय कार्डात ४३५२ कोअर, नव्या ३०८० मध्ये ८७०४. बरोब्बर दुप्पट! पण ४के गेममध्ये वाढ मिळाली साधारण पाव ते तिसरा हिस्सा. ३०८० चे निम्मे कोअर पूर्णांकांची गणितंही करतात. ते तिकडे गुंतले की दशांशांच्या कामाला उरलेलेच.

म्हणून कागद-पेन घ्या. बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो ते: बसची (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची) रुंदी बिटमध्ये गुणिले मेमरीचा वेग गिगाबिटमध्ये, भागिले ८. आरटीएक्स ५०९० साठी ५१२ × २८ ÷ ८ = १७९२ जीबी प्रति सेकंद; त्याआधीच्या ४०९० ला १००८. वाढ ७८ टक्के, डोळे दिपतात. पण कोअर वाढले ३३ टक्के (१६३८४ वरून २१७६०), वीज २८ टक्के (४५० वरून ५७५ वॉट). गेममधली वाढ या लहान आकड्यांच्या आसपासच राहिली. अंदाज नेहमी सर्वांत कमी वाढलेल्या भागावर बांधावा.

कंपनीच्या तक्त्याखालची बारीक अक्षरंही वाचा. ‘५०७० म्हणजे ४०९०’ हा एनव्हिडियाचा दावा फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने बनवून भरणं) धरून होता. ५०७० मध्ये कोअर ६१४४ आणि मेमरी १२ जीबीच.