पाकचिकनी मूठ काढली तेव्हा

रात्रीच्या बसने कोटा बारूहून केएलला, म्हणजे क्वालालंपूरला आले, पाय सुजलेत, पण आत्ताच लिहून टाकते, उद्या ऑफिसच्या गडबडीत निम्मं विसरेन.

हरी रायाला, म्हणजे इथल्या ईदेला, मैत्रिणीच्या गावी गेले होते, मलेशियाच्या ईशान्येला केलांतानला. तिचे काका, त्यांना सगळे पाकचिक म्हणतात म्हणून मीही पाकचिकच म्हणते, तर जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून पिवळ्या कापडात गुंडाळलेली दोन हत्यारं काढली. एक तर करिस, इकडचा मलय खंजीर, बहुधा नागमोडी पात्याचा. मी मुझियम नगारात, केएलच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तीनचार चकरा मारलेल्या, त्यामुळे जरा शिंगं फुटली होती मला. पहिल्याची लांब चोचीसारखी मूठ बघितली आणि लगेच बोलून मोकळी झाले, हा पत्तानीचा, म्हणजे शेजारच्या दक्षिण थायलंडमधला! कारण हुलू म्हणजे मूठ, पकाका म्हणजे खंड्या पक्षी, आणि हुलू पकाका म्हटलं की पत्तानी-केलांतान, एवढं पाठ होतं.

पाकचिक हसले, काहीच बोलले नाहीत, मूठ हलक्या हाताने फिरवत फिरवत ओढली आणि ती चक्क निघून हातात आली. खिळा नाही, काही नाही. पात्याचा मुठीत जाणारा दांडा, त्याला पेसी म्हणतात, तो गोल असतो, त्याला चिंधी गुंडाळून मूठ नुसती घट्ट दाबून बसवतात. म्हणाले, "पातं इंडोनेशियातल्या रिआउचं, माझ्या आजोबांनी आणलेलं. मूठ माझ्या वडिलांनी बदलली. आधी जावा डमाम होती." जावा डमाम म्हणजे ताप आलेला जावाचा माणूस, हात पोटाशी घेऊन कुडकुडत वाकून बसल्यासारखी मूठ. हे नाव मला भयंकर आवडतं. म्यान तर तिसरीकडचंच, त्याच्या तोंडाशी जो आडवा लाकडी भाग असतो, सांपीर, त्याच्या घाटाला दुआ हारी बुलान म्हणतात, दोन दिवसांचा चंद्र. म्हणजे आपली बीजेची कोर की! हे मी मराठीत मोठ्याने बोलले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग मी मुकाट्याने पात्याकडे वळले. मुठीजवळ पातं एका बाजूला जास्त रुंद होतं, तिथे खाली गांजा असतो (नाव ऐकून मी पहिल्यांदा फार हसले होते). हा लोखंडाचा वेगळा तुकडा, मधे भोक, पेसीवरून सरकवून पात्याला भिडवतात. दिव्याखाली तिरकं धरलं तर जोडाची केसासारखी रेघ दिसत होती. वळणं, म्हणजे लुक, नेहमी विषम असतात, सरळ पात्याचेही करिस असतात ती गोष्ट वेगळी. मी मोजली तर आठ आली. पाकचिक म्हणाले, परत मोज. मुठीकडून सुरू करून एकदा या कडेचं, एकदा त्या कडेचं असं टोकापर्यंत जायचं असतं, मी टोकाजवळचं बारकं वळण सोडलेलं. नऊ. पात्यावर पामोर पण होता, काळसर लोखंडात निकेलवालं लोखंड घडवताना घातलेलं, त्याच्या पांढरट रेघा, पाणी ओसरल्यावर वाळूवर उठतात तशा.

दुसरं मला मोठं करिसच वाटलं, पण ते होतं सुंदांग. वळणं आहेत, गांजा आहे, पण लांबी चांगली तलवारीएवढी, जड, आणि दोन्ही कडांना धार. करिस भोसकायला, सुंदांग कापायला. म्हणून याची पेसी चपटी, गोल असती तर घाव बसताच मूठ हातात फिरली असती. वर धातूची पट्टी पातं आणि मूठ दोघांना कवटाळून धरते आणि मुठीच्या टोकाला काकाकुव्याचं डोकं. दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ-सुलूकडच्या मोरो लोकांच्या तलवारी अशाच असतात, मी तिकडचीच म्हणणार होते पण जीभ चावली, आधीच्या मुठीने चांगलीच अद्दल घडवली होती.

बसमध्ये उगाच किरीच हा शब्द आठवत राहिला. आपल्याकडे सरळ तलवारीला म्हणतात ना, तो करिसवरूनच आला असेल का? पोर्तुगीज आल्बुकर्कने १५१० ला गोवा घेतलं आणि १५११ ला मलाक्का, जहाजांची ये-जा तर होतीच. असो, माझा आपला बसमधला अंदाज.

घरी आल्या आल्या आधी माझा करिस काढला, गेल्या वर्षी इथल्या एका दुकानातून घेतलेला, जुना आहे म्हणून सांगितलं होतं आणि मी घासाघीसही केली नव्हती. दिव्याखाली तिरका धरला. गांजाची रेघ आहे, पण नखाने चाचपडलं तर जोड लागत नाही, नुसती कोरलेली चर आहे. वळणं मोजली, दोनदा मोजली, आठच. मूठ फिरवून बघितली तर हलेना, जोर लावला तेव्हा कडेने पिवळट ग्लूचा थेंब सुटून चादरीवर पडला.