वहिनीने आज पिल्लाला पहिली मालिश केली!
आमचं पिल्लू अजून एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, जन्मलं तेव्हा १६०० ग्रॅम. आता स्टेबल आहे म्हणून आज सिस्टरनी वहिनीला मालिश शिकवली. घरी मालिशवाल्या मावशी पायावर घेऊन रगडतात तशी अजिबात नाही हं! आधी बांगड्या-अंगठ्या काढून हात स्वच्छ धुवायचे, तळवे चोळून गरम करायचे, मग पाठ, खांदे, पाय असा सावकाश हात फिरवायचा, पण अगदीच हलका नको, त्याने गुदगुल्या होतात, थोडा दाब हवाच. दूध पाजल्या पाजल्या करायची नाही आणि बाळाचा रंग बदलला किंवा मॉनिटर वाजला की लगेच थांबायचं.

घरी येऊन वाचत बसले. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड या संशोधिकेने कमी दिवसांच्या बाळांना रोज तीनदा १५-१५ मिनिटं अशी मालिश देऊन बघितली, १० दिवस, तर मालिश न मिळालेल्या बाळांपेक्षा त्यांच्या वजनाची रोजची वाढ ४७ टक्के जास्त झाली, तेही दूध तेवढंच पिऊन! मला तर भरूनच आलं. इतकी साधी गोष्ट प्रत्येक हॉस्पिटलने आईला शिकवायलाच हवी, आणि बाबांनाही. उद्या दादा कांगारू केअरला बसणार आहे, बाळ छातीशी घेऊन. पुढे बटणं असलेला शर्ट आत्ताच काढून ठेवलाय त्याने.