आधी उत्तराची सोय : अपॉइंटमेंटचे मेसेज आणि कॉल स्वयंचलित करताना

लो-कोड साधनातून, म्हणजे फारसा प्रोग्राम न लिहिता कामाचे ठोकळे (नोड) जोडून, पहिला मेसेज पाठवायला फार वेळ लागत नाही. एका बाजूला पेशंटची शीट, दुसऱ्या बाजूला मेसेज पाठवणारा नोड, दोघांना जोडणारी रेघ; बटण दाबलं की आपलाच फोन वाजतो. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इथेच थांबतात. आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकसाठी ही यंत्रणा उभी करताना माझा बहुतेक वेळ गेला तो याच्या पुढे. समोरच्यानं उत्तर दिलं तर ते कुठे येणार, कोण वाचणार, आणि वाचून पुढे काय होणार?

गरज साधी होती. वेळ घेऊन न येणाऱ्यांमुळे डॉक्टरांची जागा रिकामी राहायची आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी दुखरा खांदा घेऊन आठवडाभर थांबलेलं असायचं. स्वागतकक्षातल्या सहकारी रोज संध्याकाळी यादी घेऊन फोन करत बसायच्या. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘जरा थांबा हं’ म्हणावं लागायचं, ते त्यांना फार खुपायचं. मी ठरवलं की आठवण यंत्रानं करून द्यावी आणि माणसानं माणसाशी बोलावं.

साधनं बरीच आहेत. झेपियर २०११ पासून आहे, मेक पूर्वी इंटिग्रोमॅट या नावानं ओळखलं जायचं, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट आहे. मी एन-एट-एन घेतलं, कारण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं आणि पेशंटची माहिती आपल्या हाताबाहेर कमी जाते. प्रत्यक्ष मेसेज आणि कॉल नेण्याचं काम मात्र यांपैकी कुणीच करत नाही. त्यासाठी टेलिफोन कंपन्यांशी जोडलेला एक सेवा-पुरवठादार लागतो. आपलं साधन त्याला फक्त सांगतं की अमुक नंबरला अमुक पाठव. हे दोन वेगळे भाग आहेत हे डोक्यात पक्कं असलं की बिघाड कुठे शोधायचा ते कळतं.

सुरुवात नंबरांपासून केली आणि ती योग्य ठरली. पुरवठादाराला नंबर ई.१६४ या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं हवा असतो : अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक. स्प्रेडशीटला मात्र हे गणितातले आकडे वाटतात. ती पुढचं शून्य खाते, अधिकचं चिन्ह गाळते, लांब नंबर भलत्याच रूपात दाखवते. म्हणून माहिती भरण्याआधीच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करून ठेवायचा. वेळेचंही तसंच. एन-एट-एनमध्ये आपण बदल केला नाही तर वेळक्षेत्र न्यूयॉर्कचं धरलेलं असतं. संध्याकाळी सहाची आठवण कुणाच्या संध्याकाळी सहाला जाणार, हे पहिल्याच दिवशी नक्की करून घ्यावं. पहाटे वाजलेल्या फोनची माफी मागून भागत नाही.

मग मजकूर. इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरांसाठी सात बिटांची सांकेतिक लिपी वापरतात, म्हणून तिथे १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. ‘उद्या’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो पाच भरतो. ‘क्लिनिक’ सात. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि ते जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात घालावी लागत असल्यानं मग एका तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. वाचणाऱ्याला सगळं सलग दिसतं, पण आकारणी तुकड्यांवर होते. रोमन मजकुरात चुकून एखादा इमोजी किंवा वळणदार अवतरणचिन्ह आलं तरी तो अख्खा मेसेज याच ७० च्या मापात जातो.

मी असा मजकूर घडवला : ‘उद्या सकाळी ११ वाजता तुमची वेळ आहे. यायचं असेल तर १, नसेल तर २ पाठवा.’ मोजा, ६९ चिन्हं होतात. मला त्याचा फार आनंद झाला होता. पण यात क्लिनिकचं नावच नाही! नाव पाठवणाऱ्याच्या जागी दाखवता येतं, अक्षरांचा प्रेषक ठेवण्याची सोय बऱ्याच देशांत आहे. मात्र अक्षरी प्रेषकाला उत्तर पाठवता येत नाही. तो रस्ता एकाच दिशेचा असतो. उत्तर हवं तर प्रेषक म्हणून खरा नंबर हवा, आणि अनोळखी नंबरावरून बिननावाचा मेसेज आला तर कुणीही सावध होईल, व्हायलाच हवं. मी नाव मजकुरात घातलं आणि दोन तुकड्यांचा खर्च मान्य केला. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही अशी आठवण म्हणजे नुसती सूचना. ती पाठवून रिकामी जागा भरत नाही.

दुखणं काय, उपचार कोणते, याचा मजकुरात उल्लेख ठेवला नाही. फोन टेबलावर पडलेला असतो आणि मेसेज कुलूपबंद स्क्रीनवरही दिसतो.

उत्तर येण्यासाठी वेबहुक लागतं. मेसेज आला की पुरवठादार आपल्या एका पत्त्यावर लगेच कळवतो. दर काही मिनिटांनी जाऊन पाहणारा ट्रिगर (काम सुरू करणारा नोड) शीटमधल्या नव्या ओळींसाठी चालतो, उत्तरांसाठी चालत नाही. पत्ता उघडा असल्यानं कुणीही खोटी माहिती तिथे टाकू शकतो; म्हणून पुरवठादार पाठवतो ती सांकेतिक सही तपासणारा नोड सगळ्यात आधी ठेवला. त्यामागोमाग दुसरी तपासणी. आपण ‘मिळालं’ असं वेळेत कळवलं नाही तर पुरवठादार तीच माहिती पुन्हा पाठवू शकतो. मग एकच ‘२’ दोनदा येतो, आणि तपासणी नसेल तर रिकामी झालेली एकच जागा प्रतीक्षायादीतल्या दोघांना देऊन बसतो. प्रत्येक मेसेजला पुरवठादाराचा एक ओळख क्रमांक असतो. तो नोंदवून ठेवायचा, आणि आधी दिसलेला असेल तर तिथेच थांबायचं.

उत्तरांची चाचणी आम्ही घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या फोनवर केली. मुद्दाम कुणालाही शिकवलं नाही. उत्तरं आली ती अशी : देवनागरी १, रोमन १, ‘हो’, ‘होय’, ‘हो हो येतो’, रोमन लिपीतलं हो, ‘आईला विचारून सांगते’, आणि ‘१ वाजता आलो तर चालेल का?’ या शेवटच्या उत्तरानं माझा नियम ठरवला. ‘मजकुरात १ आहे का’ असं विचारणारा फिल्टर या माणसाला अकराची वेळ पक्की करून देईल, आणि तो एक वाजता दारात उभा राहील. म्हणून आमच्याकडे मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं काढून, दोन्ही लिपींतले अंक सारखे करून, उरलेला मजकूर नेमका १ किंवा ‘हो’, ‘होय’ असेल तरच पक्कं होतं. ‘२’ आणि ‘नाही’ला रद्द. बाकी सगळं माणसाकडे जातं. स्वागतकक्षाच्या स्क्रीनवर एक छोटी यादी दिसते : नाव, ठरलेली वेळ, आणि पेशंटनं लिहिलेलं जसंच्या तसं.

‘मग यंत्राचा उपयोग काय, मला वाचायचंच आहे तर?’ असं सहकारी ताईंनी विचारलं होतं. उपयोग हा, की सरळ ‘हो’ म्हणणारे आपोआप बाजूला होतात आणि ताईंना फक्त ज्यांना खरंच काही बोलायचंय तेवढेच उरतात. उत्तराचा अर्थ लावणारं भाषाप्रारूप (एआय) मधे बसवता आलं असतं. मी बसवलं नाही. ‘आईला विचारून सांगते’ याचा अर्थ लावून काही मिळणार नव्हतं. संध्याकाळी त्या मुलीला एक फोन करणं हेच त्याचं उत्तर.

आणखी एक गुंता. घरात फोन एक आणि पेशंट दोन. आजी आणि नातू दोघांची उद्याच वेळ असेल तर ‘२’ कुणासाठी? वर्कफ्लोला (जोडलेल्या नोडच्या साखळीला) नंबरावरून फक्त फोन कळतो, माणूस कळत नाही. अशा नंबरांना आम्ही एकच मेसेज पाठवतो, दोन्ही नावं घालून, आणि उत्तर कुठलंही आलं तरी ते ताईंच्या यादीत टाकतो.

ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना थोड्या वेळानं कॉल जातो. कॉलचं तंत्र मेसेजपेक्षा निराळं आहे. फोन उचलला की पुरवठादार आपल्या पत्त्याला विचारतो : आता काय करू? आपण सांगायचं, ही फीत वाजव, मग एक बटण दाबायची वाट पाहा. बटण दाबलं की पुन्हा विचारणा. या विचारण्या-सांगण्यात माणूस कानाला फोन लावून थांबलेला असतो, म्हणून त्या वाटेवर शीट शोधणं, ईमेल पाठवणं असली जड कामं ठेवायची नाहीत. कॉल लावण्याआधीच सगळी माहिती तयार ठेवली, आणि नोंदी करण्याचं काम कॉल संपल्यावर केलं. असं करण्याआधी समोरच्याला नुसती शांतता ऐकू यायची आणि तो ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून द्यायचा.

बोलून उत्तर घेण्याऐवजी बटणं ठेवली. बटणांच्या दोन-दोन सुरांची पद्धत बेल सिस्टिमनं १९६३ मध्ये लोकांसाठी आणली. १ दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकत्र वाजतात. माणसाच्या बोलण्यात नेमकी अशी जोडी सहसा सापडत नाही. रस्त्यावरच्या गोंगाटातही बटण कळतं, पुटपुटलेलं ‘हो’ कळेलच असं नाही.

आवाज कुणाचा, यावर मी बराच विचार केला. यांत्रिक आवाजानं १०:३० हे ‘दहा तीस’ असं वाचलं. आपल्याकडे कुणी असं बोलत नाही. साडेदहा, पावणेअकरा, सव्वापाच, आणि दीड-अडीचला तर नियमही वेगळा. मोठ्या वयाच्या माणसाला फोनवर ‘दोन तीस’ ऐकल्यावर क्षणभर थबकावं लागतं, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. आम्ही ताईंच्याच आवाजात सगळ्या वेळा ध्वनिमुद्रित केल्या : दिवसाच्या प्रत्येक पाव तासाची एक फीत, वारांच्या फिती वेगळ्या, नमस्कार आणि निरोपाचं वाक्य वेगळं. वर्कफ्लो त्या एकापुढे एक लावतो. मुद्रण एका बैठकीत, एकाच खोलीत, एकाच पट्टीत केलं तर सांधे जाणवत नाहीत. सुरुवातीलाच ताई सांगतात की ही आधीच मुद्रित केलेली आठवण आहे. ओळखीचा आवाज ऐकून कुणी गप्पा मारू लागू नये, आणि कुणाची फसगतही होऊ नये. १ पक्कं, २ रद्द, ९ पुन्हा ऐकायला. शून्य दाबलं की फोन थेट ताईंकडे. हे शून्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कधी फोन व्हॉइसमेल उचलतो. ते ओळखण्याची सोय पुरवठादार देतात, पण ती अंदाजावर चालते आणि अंदाज बांधायला वेळ घेते. त्या वेळात खरा माणूस वाट पाहत राहतो. आम्ही ती बंद ठेवली. बटण दाबलं गेलं तरच उत्तर मिळालं असं धरतो, नाही तर नाव माणसाच्या यादीत. मेसेजबाबतही तोच काटेकोरपणा लागतो. ‘पाठवला’ ही स्थिती पुरवठादाराच्या हातून निघाल्याची खूण आहे. ‘पोहोचला’ ही वेगळी पावती नंतर येते, आणि काही वेळा येतच नाही.

परवानगी आणि नियमांचं काम कंटाळवाणं वाटलं तरी ते आधी उरकावं. भारतात मेसेजचा प्रेषक आणि मजकुराचा साचा टेलिफोन कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत नोंदवावा लागतो. अमेरिकेत साध्या नंबरांवरून व्यावसायिक मेसेज पाठवायला वेगळी नोंदणी लागते, आणि स्वयंचलित कॉलवर १९९१ पासून टीसीपीए हा फोन-ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा आहे. आपल्या देशात काय लागू आहे ते पुरवठादाराला लेखी विचारावं. ‘थांबवा’ असं उत्तर आलं की तो नंबर मेसेज आणि कॉल दोन्हींतून तत्काळ वगळला जाईल, असा नोड मी बाकी कशाच्याही आधी चालवून पाहिला. आणि लो-कोड साधनं प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात, तिच्यात नावं आणि नंबर पडून राहतात. या नोंदी ठरावीक काळानं आपोआप पुसल्या जातील असं लावून ठेवलं.

आता संध्याकाळी ताईंच्या स्क्रीनवर पूर्ण यादीऐवजी उरलेली यादी असते. काही गोष्टी मी यंत्राकडे दिल्याच नाहीत. डॉक्टर आजारी पडले आणि दिवसच रद्द झाला तर ताई स्वतः फोन करतात. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या नावापुढे ‘कॉल नको’ अशी खूण आहे, त्यांना फक्त मेसेज. नव्या पेशंटला पहिल्या भेटीआधी आठवण माणूसच करतो, आणि त्याच बोलण्यात यापुढे मेसेज चालतील का, कुठल्या भाषेत हवेत, हे विचारून शीटमध्ये लिहितो. सध्या मी रिकाम्या झालेल्या जागेसाठी प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला मेसेज पाठवून त्याला उत्तरासाठी पुरेसा वेळ देणारी फेरी बांधते आहे. पाच मिनिटांत उत्तर नाही म्हणून पुढच्याला जागा देणं मला पटत नाही. ज्याचा खांदा दुखतोय त्याला फोनपर्यंत पोहोचायला वेळ लागू शकतो.