ट्रेडमिल घ्यायचीय? मोटर नंतर बघा, आधी फिटिंगला कोण येणार ते विचारा (माझा अनुभव)

आमच्याकडे ट्रेडमिल येऊन आता बरेच महिने झाले, रोज चालते, मशीनही आणि मीही, तरी त्या इन्स्टॉलेशनच्या भानगडीची आठवण झाली की अजून डोकं फिरतं. शाळेत स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारत असतं, मॅडम कोणती घेतली, किती एचपीची, कितीला पडली. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही, कारण नंतर कळलं की बाकीच्यांची तऱ्हाही साधारण अशीच आहे.

आम्ही अमळनेरला राहतो. शुगर बॉर्डरवर आली, डॉक्टर म्हणाले गोळी नको, आधी चाला, आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दमाने चालणं झालंच पाहिजे. थंडीत प्रॉब्लेम नव्हता, पण मार्चनंतर आपल्या खान्देशात चालायचं कधी ते सांगा. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, सकाळची शाळा असल्यामुळे पहाटेचा वेळ डबे आणि पाणी भरण्यात जातो, आणि संध्याकाळी आठ वाजले तरी डांबरी रस्त्यातून वाफ येत असते. वर कुत्री. म्हणून घरातच काहीतरी आणू असं ठरलं.

दुकानात गेलं की (आम्ही जळगाव, धुळे दोन्हीकडे बघून आलो) सगळे एचपीवर सुरू होतात. ३ एचपी, ४ एचपी, ५ एचपी पीक. आमच्या ह्यांना शेतातल्या मोटरीचा अनुभव, त्यांनी तिथेच हिशोब मांडला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ५ एचपी म्हणजे साधारण ३७०० वॅट. आणि घरातला तो छोटा सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर देऊन देऊन किती देणार, तर १३८० वॅट, म्हणजे दोन एचपीसुद्धा नाही. अन् त्या ५ एचपीवाल्या मशीनला खाली सहा अँपिअरचीच पिन! सेल्समनला विचारलं तर तो हसला आणि म्हणे सर पीक आहे ना ते. पीक म्हणजे क्षणभरच मिळणारा जोर, कंटिन्युअस म्हणजे सतत चालताना मिळणारा. तर तो पीक आकडा सोडून द्या, कंटिन्युअस किती ते विचारा. काही जण कागदावर लिहीतच नाहीत, तिथून सरळ उठा. नुसतं चालायचं असेल तर दीड-दोन कंटिन्युअस पुष्कळ झालं, पळणारं कुणी असेल तर अडीचच्या पुढे. पट्टा पण बघा, चालायला १२० सेंटिमीटर लांबी चालते, पळणारा उंच माणूस असेल तर १३०-१४० लागते, नाहीतर पाय मागच्या टोकाला जातो. वजनाची मर्यादा लिहिलेली असते, त्यात आपल्या वजनापेक्षा वीस-तीस किलो जास्तीचे धरा.

आणि हो, पंखा! मशीनवर उभं राहिलं की आपण वीतभर वर जातो. आमच्याकडे मागच्या जुन्या खोलीचं छत खाली आहे, तिथे ह्यांचं डोकं पंख्याला लागलं असतं, म्हणून पुढच्या हॉलमध्ये जागा केली. मागे दीड-दोन मीटर मोकळं सोडा, भिंतीला टेकवून लावू नका, पट्ट्याने मागे फेकलं तर माणूस भिंत आणि पट्ट्यात अडकतो. ती लाल चावी असते ना दोरीची, निघाली की मशीन थांबते ती, ती कपड्याला लावल्याशिवाय चढायचं नाही, लहान मुलं असतील तर वापर झाला की काढून कपाटात.

शेवटी ऑनलाइनच घेतली, दुकानापेक्षा पाच-सहा हजारांनी स्वस्त पडत होती आणि साइटवर पिनकोड टाकला, ४२५४०१, तर हिरवी टिक आली, 'फ्री इन्स्टॉलेशन उपलब्ध'. पैसे भरले, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) दाखवून सोडवून आणली, हमालांनी हॉलमध्ये ठेवून दिली. इथपर्यंत सगळं लोण्यासारखं.

खोक्यावर स्टिकर होता की अधिकृत टेक्निशियन येईपर्यंत उघडू नये, वॉरंटी जाईल. ठीक आहे, नाही उघडत. इन्स्टॉलेशनची रिक्वेस्ट टाकली, नंबर आला, ४८ तासांत माणूस येईल असा मेसेज. कुणी आलं नाही. मग मेसेज आला, 'आपण उपलब्ध नसल्याने आपली रिक्वेस्ट बंद करण्यात आली आहे.' मी उपलब्ध नव्हते? सासूबाई दिवसभर त्या खोक्याशेजारी खाट टाकून बसलेल्या असतात, त्या तर गेल्या कित्येक वर्षांत दुपारच्या घराबाहेर पडलेल्या नाहीत! फोन केला तर, "मॅडम, टेक्निशियनने विजिट किया था, घर बंद था." कुठलं घर, कुठला माणूस, नंबर द्या म्हटलं तर तो देता येत नाही, पॉलिसी. पुन्हा रिक्वेस्ट, पुन्हा तसाच मेसेज, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी नवीन मुलगी, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची, आणि तिने शेवटी विचारायचं, "और कोई सहायता कर सकती हूँ?"

आतली गोष्ट कळली ती धुळ्याच्या एका फिटरकडून. ज्या दुकानात आधी मशीन बघितली होती त्यांच्याकडून त्याचा नंबर मिळवला. तो बिचारा सरळ बोलला. म्हणे ताई, मी ह्याच कंपनीचं काम करतो, पण तुमचं अमळनेर जळगाव जिल्ह्यात येतं, माझ्या ॲपमध्ये धुळे जिल्हाच दिसतो. जळगावचा मुलगा काम सोडून गेला, त्याचे कॉल आता नाशिकला जातात. नाशिकवाला एका मशीनसाठी इतक्या लांब येणार नाही, आणि कॉल पेंडिंग ठेवला तर त्याचे पैसे कापतात, म्हणून तो 'ग्राहक घरी नाही' करून बंद करतो. म्हणजे बघा, धुळं आमच्यापासून तासाभरावर, जळगावपेक्षाही जवळ, माणूस तिथे बसलाय, यायला तयार आहे, पण कंपनीच्या नकाशात मध्ये जिल्ह्याची हद्द आहे!

हे मी कॉल सेंटरला सांगितलं. उत्तर काय, "मॅडम आपका पिनकोड सर्विसेबल है." कुणीही उचलला की हेच वाक्य. मी म्हटलं बाई, पिनकोडने मशीन फिट करू का? तरी तेच.

तेवढ्यात वाळवणाचे दिवस आले. ते खोकं हॉलमध्ये मधोमध, 'ही बाजू वर' असा बाण काढलेलं, सासूबाईंनी त्यावर जुनं लुगडं अंथरून गच्चीवरून काढून आणलेले ज्वारीचे बिबडे (आमच्याकडचे पापड) रचायला सुरुवात केली, म्हणे माय, एवढी सपाट जागा आहे तर वाया कशाला घालवायची. शेजारच्या आजी रोज ओट्यावरून विचारायच्या, "उना का व माय तो मिस्तरी?" (आला का गं बाई तो मिस्त्री?) नाही उना आजी. ह्यांचं म्हणणं पडलं की फोड खोकं, नट-बोल्ट तर आहेत, मी बसवतो. मी हात लावू दिला नाही, कारण खरी मेख दुसरीच होती. बदलून द्यायची मुदत डिलिव्हरीपासून सात दिवस, आणि ती केव्हाच होऊन गेलेली. म्हणजे आत मशीन फुटकी निघाली तरी आम्हीच अडकणार, आणि वर आम्हीच उघडली म्हणून वॉरंटीपण नाही.

मग मी बसून नीट अभ्यास केला. कॉल सेंटरवर आवाज चढवून काही होत नाही, तिथली मुलं काहीच करू शकत नाहीत, लेखी द्यायचं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत ग्राहक कायद्याखाली, त्यात प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं, शोधा. तक्रार मिळाली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, असं नियमातच आहे. त्याला मेल टाकला. सोबत बिल, बिल्टीचा फोटो, 'आपण उपलब्ध नसल्याने' वाल्या सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट, आणि खोक्याचे सीलबंद फोटो. बिबडे काढून मग फोटो घेतला, नाहीतर ते तेच धरून बसले असते. आणि एक वाक्य स्पष्ट लिहिलं, की बदलायची मुदत फिटिंग झाल्यापासून धरा, उशीर तुमच्यामुळे झालाय. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार नोंदवली, तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मेलमध्ये टाकला. खाली लिहिलं की २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच केस करता येते, म्हणजे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

काय जादू झाली माहीत नाही, पण इतके दिवस जे फोन उचलायला वीस मिनिटं संगीत ऐकवायचे ते स्वतःहून फोन करायला लागले. "मॅडम, एस्कलेशन टीम से बोल रहा हूँ." आणि फिटिंगला कोण आलं असेल? तोच धुळ्याचा! कंपनीने त्याला 'स्पेशल केस' म्हणून पाठवलं. मुदतीचं पण मेलवर कबूल केलं. खरं सांगते, त्या दिवशी शाळेत मी जरा जास्तच ताठ चालत होते.

आता पुढचं लक्षात ठेवा. माणूस आला की पहिली गोष्ट मागतो तो कोड. हॅपी कोड म्हणतात, मोबाइलवर आलेला असतो. तो दिला की कंपनीच्या दृष्टीने काम झालं. ह्यानेपण बॅग खाली ठेवायच्या आधी मागितला, सवयीने. मी म्हटलं भाऊ, आधी चहा घ्या, मग मशीन लावा, मी दहा मिनिटं चालते, मग कोड. तो हसला. बरं झालं नाही दिला, कारण चालू केली तर पट्टा दोन फेरे फिरून थांबला आणि स्क्रीनवर ई-०१. तो लगेच, "ताई, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे." हे ठरलेलं उत्तर आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर आणि पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं हे खरंही आहे, पण म्हणूनच मी गल्लीतल्या वायरमन भाऊंना आधीच बोलावून ठेवलं होतं, त्यांनी मीटर लावला, २१८. कमी कुठे आहे? मग त्या मुलाने मशीनच्या खांबाचं कव्हर उघडलं, तर आत कन्सोलकडे (वरच्या स्क्रीनकडे) जाणाऱ्या वायरचा जोड अर्धवट बसलेला, खोलताना ताण पडून निसटला असेल. दाबून बसवला, चालू. हातासरशी त्याने पट्टा कसा सरळ करायचा तेपण दाखवलं. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागच्या डाव्या बोल्टला ॲलन कीने पाव फेरा घड्याळाच्या दिशेने, मग मिनिटभर चालवून बघायचं, परत लागला तर परत पाव. एकदम जास्त आवळायचं नाही. मी व्हिडिओ काढून ठेवलाय.

मग कोड दिला.

वायरमन भाऊंनी सांगितलेलं, मशीनला वेगळा सोळा अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग करून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात नको, आणि इन्व्हर्टरवर चालवायचा विचारही नको. लाइट गेली की उतरायचं. आपली हवा कोरडी, हिवाळ्यात पट्ट्यावर चालून हँडलला हात लावला की बारीक चटका बसतो, तो स्टॅटिकचा (घर्षणाने साठलेल्या विजेचा) असतो, पण अर्थिंग नीट नसेल तर तो कशाचा हे कसं कळणार, म्हणून ते आधीच बघा. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर मशीनच्या वॅटप्रमाणे, फ्रिजचा नका जोडू. तेल सिलिकॉनचंच, पट्टा उचलून खालच्या फळीवर टाकायचं. एकाने शिलाई मशीनचं टाकलं होतं, त्याचा पट्टा खराब झाला.

जुनी घेणाऱ्यांसाठी, जळगावला जाहिरातींत भरपूर असतात, जवळजवळ नव्या. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन स्वतः पंधरा मिनिटं चालून बघा, रिकामी फिरवून दाखवतात त्याला अर्थ नाही, माणूस चढल्यावर मोटर दमते की नाही ते कळतं. पट्ट्याची कड उसवलीय का आणि जळका वास येतो का तेपण बघा.

आता चोपड्याच्या वहिनींना घ्यायचीय. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ट्रेडमिल नको, पाठ टेकून बसायची सायकल घ्या असं त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, त्याला मोटर नाही, चुंबकाचा रेझिस्टन्स, आवाजही नाही. मॉडेल पसंत पडलंय. कंपनीला मेल टाकलाय की चोपड्याला फिटिंगला कोणत्या गावाहून माणूस येणार आणि मुदत कधीपासून धरणार, ते लेखी कळवा. अजून उत्तर नाही, म्हणून ऑर्डरही नाही.