तीन आकड्यांवर उभी राहिलेली कार्यशाळा

आमची कार्यशाळा आज रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या, कामासाठी ओळखली जात असली, तरी तिची सुरुवात साध्या पिस्टन इंजिनाच्या गॅरेजने झाली. सिलिंडर बोअर करणे, हेड फेस करणे, व्हॉल्व्ह बसवणे ही रोजची कामे होती आणि त्यांतच अधूनमधून एखादी रोटरी इंजिनाची माझदा आरएक्स-७ येत असे, कारण तिला हात लावायला इतरत्र सहसा कोणी तयार होत नसे. १९७८ ते २००२ या काळात तयार झालेली ही गाडी आणि २००३ ते २०१२ या काळातील आरएक्स-८ या दोहोंच्या मालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असे: गाडी थंड असताना चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा चालू व्हायचे नाव घेत नाही. जुन्या रोटरी इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, उतरल्याची ही पहिली खूण असते. तेल गरम होऊन पातळ झाले की झिजलेल्या सीलच्या, म्हणजे रोटरभोवतीची जागा हवाबंद ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, फटी झाकणारा त्याचा थर राहत नाही आणि सेल्फच्या संथ फिरण्यात हवा दाबली जाण्याऐवजी निसटून जाते.

या तक्रारीवर उपाय करण्याआधी ती मोजता आली पाहिजे, हे आम्हाला लवकर उमगले आणि पुढची सगळी वाटचाल त्या एका मुद्द्याभोवतीच झाली. पिस्टन इंजिनाचा नेहमीचा कॉम्प्रेशन गेज येथे अपुरा पडतो. रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू आपापल्या पाळीने त्याच स्पार्क प्लगसमोरून हवा दाबत जाते. गेजमधला एकदिशा व्हॉल्व्ह मात्र तिघींपैकी सर्वांत मोठा दाब तेवढा अडवून दाखवतो. म्हणजे दोन बाजू गळत असल्या, तरी तिसरीच्या जोरावर इंजिन ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळतो. सुरुवातीला आम्ही तो व्हॉल्व्ह काढून टाकत असू, काट्याच्या तीन उड्या मोबाइलवर चित्रित करत असू आणि चित्रण संथ गतीने पुन्हा पाहत असू. त्यातून बाजूंमधला फरक कळे, पण खरा दाब कळत नसे.

दाबाचा सेन्सर आणि इंजिनाचा वेग एकत्र नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक टेस्टर घेतला, तेव्हा आमच्या धंद्याचे स्वरूपच बदलले. आरएक्स-८च्या इंजिनासाठी माझदाने ठरवलेली मर्यादा अशी आहे: मिनिटाला २५० फेऱ्या या वेगाला प्रत्येक बाजूचा दाब किमान ६८० किलोपास्कल असावा, एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० किलोपास्कलपेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० किलोपास्कलपेक्षा अधिक तफावत नसावी. नव्या इंजिनासाठी ८३० किलोपास्कल हा आकडा प्रमाण मानला जातो. यातला वेगाचा उल्लेख पुष्कळ जण वाचतच नाहीत. बॅटरी थकलेली असेल आणि सेल्फ इंजिनाला जेमतेम २०० फेऱ्यांनी फिरवत असेल, तर हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि चांगले इंजिनही निकामी ठरते. उलट जोरकस सेल्फ बसवून ३०० च्या जवळ फिरवले, तर निकामी इंजिनही उत्तीर्ण होते. म्हणून आमच्या अहवालात मोजलेला दाब, त्या वेळचा वेग आणि २५० फेऱ्यांना अनुसरून काढलेला दाब असे तिन्ही आकडे लिहिलेले असतात. मोजणी इंजिन कामाच्या तापमानाला आणून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि पेट्रोल बंद ठेवूनच होते. जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी तपासून घेणारे ग्राहक आज आमच्याकडे इंजिन बांधून घेणाऱ्यांपेक्षा अधिक आहेत, ते या कागदासाठी. (विक्रेता मोजणीच्या आदल्या दिवशी प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवतो, हे आम्हाला ठाऊक आहे, त्याने दाब तात्पुरता वाढतो, म्हणून गाडी आधी चांगली फिरवून आणल्याशिवाय आम्ही टेस्टर जोडत नाही.)

एका रोटरच्या तीन बाजूंच्या दाबांचे तीन आकडे शेजारी ठेवून नीट पाहिले, तर इंजिन न उघडताही बरेच काही कळते. प्रत्येक टोकाचे एपेक्स सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असते. त्यामुळे ते तुटले की लागोपाठच्या दोन बाजू एकदम पडतात आणि तिसरी शाबूत राहते. एकच बाजू कमी असेल, तर संशय बहुधा त्या बाजूच्या साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरच्या पट्टीवर, जातो, कारण ते काजळीत अडकून बसलेले असू शकते. तिन्ही बाजू सारख्याच उतरल्या असतील, तर ती एकंदर झीज असते किंवा पेट्रोलने सीलवरचे तेल धुऊन गेलेले असते. थंड इंजिन जागेवरून जरा हलवून लगेच बंद केले की रोटरी इंजिन असे ओले होते आणि पुन्हा चालू होत नाही. अशी गाडी टोचन करून आली, तर आम्ही प्लग काढून, कोरडी करून आणि चालवून मगच मोजतो.

आकडे खरोखरच कमी आले, तरी लगेच इंजिन उतरवायचे नाही, असा आमचा नियम आहे आणि या नियमाने काही काम हातचे गेले तरी तो आम्ही सोडलेला नाही. आरएक्स-८मध्ये एक्झॉस्टची तोंडे रोटरच्या कडेच्या प्लेटमध्ये असल्यामुळे साइड सीलभोवती काजळी साचण्याची प्रवृत्ती असते आणि जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत ती अधिक दिसते. फिरत्या इंजिनात इनटेकमधून पाण्याचा बारीक फवारा सोडून ही काजळी सैल करता येते; अडकलेले सील मोकळे झाले, तर दाब खरोखरच वाढतो. झिजलेल्या सीलला मात्र फवारा किंवा बाटलीतले कोणतेही औषध परत वाढवू शकत नाही. त्याच वेळी प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तपासतो. कमजोर कॉइलमुळे न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, उष्णता इंजिनात कोंडते आणि सीलमागच्या स्प्रिंगांचा ताण जातो. हे मूळ कारण तसेच ठेवून नवे इंजिन बसवणे म्हणजे गळके छप्पर ठेवून भिंती रंगवणे आहे.

इंजिन उघडावेच लागले, तर पिस्टन इंजिनाची आमची जुनी विद्या फारशी उपयोगी पडत नाही. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. रोटर ज्याच्या आत फिरतो त्या आवरणाच्या, म्हणजे रोटर हाउसिंगच्या, आतल्या वक्र पृष्ठभागावरचा क्रोमचा थर एकदा उडाला की मोठ्या मापाची सोय नाही, हाउसिंगच बदलावे लागते. साठच्या दशकात माझदाच्या अभियंत्यांना याच पृष्ठभागावर आडव्या लाटांसारखे ओरखडे आढळले होते आणि त्यांनी त्यांना सैतानाच्या नखांची उपमा दिली होती. तेवढे खोल ओरखडे आता क्वचित दिसतात. आम्हाला जास्त सापडते ती कडेला कपच्या निघालेली क्रोमची किनार. बोटाच्या नखाने चाचपले की ती लगेच लागते. अशा हाउसिंगवर नवे सील घालून द्या, असा आग्रह ग्राहक धरतात, कारण खर्चाचा मोठा भाग हाउसिंगचाच असतो. ते काम आम्ही घेत नाही. नव्या सीलची धार त्या किनारीवर लवकरच जाते आणि गाडी पुन्हा त्याच तक्रारीने परत येते.

बांधणीतले सर्वांत वेळखाऊ काम साइड सीलचे आहे. एका रोटरला अशी सहा सील असतात. प्रत्येक पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते आणि ती त्याच खाचेसाठी, रोटरच्या कोपऱ्यातल्या त्याच कॉर्नर सीलशी जुळवून बसवावी लागते. दोहोंमधली फट नव्या बांधणीत ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असायला हवी, ती ०.४० वर गेली, तर सील बाद. आमचे कारागीर पट्टीचे टोक बारीक कानशीवर दोनदा ओढतात, पुसतात, खाचेत बसवतात, फट मोजायचा फीलर गेज घालून पाहतात आणि पुन्हा कानशीकडे वळतात. एक ओढ जास्त झाली तर ती पट्टी टाकून नवी घ्यावी लागते. एपेक्स सील मोठी आणि प्रसिद्ध असल्यामुळे सगळी चर्चा त्यांचीच होते. आमच्या अनुभवात थंड असताना बरे वाटणारे आणि गरम झाल्यावर ढेपाळणारे इंजिन पुष्कळदा या पट्ट्यांच्या फटींतून गळत असते. म्हणून या कामासाठी आम्ही स्वतंत्र टेबल आणि स्वतंत्र माणूस ठेवला, आणि तेथे बसणाऱ्याला घाई करायची नाही असे ठरवले.

बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण दाब दाखवत नाही, कारण सील हाउसिंगला घासून बसायला वेळ लागतो. त्यामुळे गाडी देताना एक मोजणी आणि रुळल्यानंतर दुसरी, असे दोन कागद आम्ही देतो आणि दुसरी मोजणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची नोंद करत नाही. सीलवर तेल सोडणारा पंप प्रत्येक गाडीत तपासला जातो. पेट्रोलच्या टाकीत थोडे टू-स्ट्रोक तेल मिसळावे, असेही आम्ही सुचवतो, पण तो निर्णय मालकावर सोडतो.

आमच्यापुढची खरी अडचण आता कौशल्याची नसून सुट्या भागांची आहे. चांगली जुनी हाउसिंग कमी होत चालली आहेत. त्यामुळे उघडलेल्या प्रत्येक इंजिनातला वापरण्याजोगा भाग आम्ही मोजून, त्यावर मापाची चिठ्ठी बांधून ठेवतो आणि ग्राहकाने मागितल्यास त्याचा जुना भाग त्याच्या हातात देतो. कडेच्या प्लेटवरची झीज ०.१० मिलिमीटरच्या आत असली तर ती जपून ठेवली जाते, त्यापुढची लॅपिंगसाठी, म्हणजे घासून पुन्हा सपाट करण्यासाठी, वेगळी काढली जाते, आणि क्रोम उडालेली हाउसिंग भंगारात जाण्याआधी त्यांवर रंगाची फुली मारली जाते, म्हणजे ती कोणाच्या इंजिनात पुन्हा शिरणार नाहीत.